आधी झटकायचं, मग पुसायचं

मोटारीच्या इतिहासावर काहीतरी बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सुचवलं तेव्हा मला हसू आलं. मी कविता लिहिणारा माणूस. बॉनेट उघडलं की आत काय दिसतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण दार उघडल्यावर जे दिसतं, म्हणजे बैठक, पाठ, पायाखालची चटई, छताचं कापड, त्याबद्दल मी थोडं बोलू शकतो. माझे अब्बा नांदेडला गाड्यांच्या सीटा शिवायचे आणि मामू लातूरला. शाळा सुटली की अब्बांच्या दुकानात आणि उन्हाळ्याच्या सुटीत मामूंच्या दुकानात, अशी माझी वर्षं गेली. इतिहास म्हणून हे सांगावं की नाही, असा प्रश्न पडला होता. मोटारीचा इतिहास लिहिणारे इंजिनाचा लिहितात, चाकांचा लिहितात. माणूस जिथे बसतो त्या जागेचा फारसा कुणी लिहीत नाही.

सुरुवात हैदराबादपासून करावी लागेल, कारण १९५६ पर्यंत आपली राजधानी तीच होती. तिथल्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी रोल्स रॉइस उभी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, पण १९११ साली ते वारले. १९१२ ची ही गाडी सातव्या निजामांच्या, मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. लंडनच्या बार्कर कंपनीने तिची वरची पेटी बनवली होती. मागची बैठक सिंहासनासारखी उंच आणि समोर सेवकांना बसायला छोट्या जागा. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याची गणती होई, त्याची ही गाडी सगळी मिळून साडेतीनशे मैलांच्या आसपास चालली! नंतर कितीतरी वर्षं ती धूळ खात पडून होती. राजवाड्याच्या दुरुस्तीच्या काळात तिलाही पुन्हा सजवलं गेलं. मी ती पाहिली तेव्हा सोबतचे लोक सोन्या-चांदीबद्दल बोलत होते. मी मात्र बैठकीच्या कडेची शिवण बघत उभा होतो. पिंजाऱ्याच्या घरातला माणूस दुसरं काय बघणार?

त्या काळच्या श्रीमंती गाड्यांची एक गंमत आहे. तेव्हा मालक मागे बंद काचेआड बसायचा आणि ड्रायव्हर पुढे उघड्यावर. मालकाच्या बैठकीला लोकरीचं किंवा रेशमाचं मऊ कापड लावत आणि ड्रायव्हरच्या बैठकीला चामडं. ऊन, पाऊस, चिखल चामडंच सोसणार ना! म्हणजे चामड्याची सीट ही नोकराची सीट होती. आज एखादा गाडीवाला ‘लेदर सीट आहे’ असं मान वर करून सांगतो, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. मी बोलत मात्र नाही.

आता आपल्याकडे येऊ. गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदेडवरून धावू लागली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली, तीही अडीच फुटी रुळांची. १९१७ मध्ये लातूरच्या गंजगोलाईची इमारत उभी राहिली. फैयाजुद्दीन नावाच्या आराखडाकाराने सोळा रस्ते एका गोल बाजारात आणून मिळवले. रेल्वे आली, बाजार वाढला, तसे टांगे वाढले. टांग्याला गादी लागते. आमचे दादा मूळचे कापूस पिंजणारे. खांद्यावर कमान, तातीचा तो टंग-टंग आवाज, आणि गल्लोगल्ली ‘गादी भरून देऊ का’ अशी हाक. स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी त्यांच्याकडून गाद्या भरून घ्यायला सुरुवात केली आणि घराचा धंदा हळूहळू खाटेवरून चाकावर गेला.

पण टांग्याच्या गादीत कापूस चालत नाही, हे दादांना पहिल्याच पावसाळ्यात कळलं असणार. कापूस दाबला की बसतो, भिजला की कुजतो. त्यात काथ्या भरावा लागतो. नारळाचा काथ्या उसळी धरून ठेवतो आणि पाण्याला फारसा भीत नाही. बागायतदारांच्या दमण्यांना, सावकारांच्या बग्ग्यांना आणि पुढे मोटारींना हेच भरण होतं. खाली लाकूड, त्यावर स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर कापसाचा पातळ थर आणि सगळ्यात वर कापड किंवा चामडं. विलायतेत काथ्याच्या जागी घोड्याचे केस घालत. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेने मोटार वाहतुकीचं खातं काढलं, तेव्हा २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. तिचंही अंग लाकडाचं आणि बैठका काथ्याच्या होत्या. त्या दिवशी आपण मराठवाड्यातले लोक अजून निजामाच्या राज्यात होतो. पण बसताना टोचणारा काथ्या दोन्ही राज्यांत एकच.

मग रेक्झीन आलं. या शब्दाची मोठी मौज आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं हे छापनाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोज, कापराचं तेल आणि रंग यांचा थर देऊन तिथे नकली चामडं बनवत. १९२० च्या दशकापासून तिकडच्या रेल्वेच्या डब्यांतही ते वापरलं गेलं. पुढे प्लॅस्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा थर देऊन असंच कापड बनू लागलं, पण आपण नाव सोडलं नाही. मूळ रेक्झीनचं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. आपल्याकडे मात्र दप्तराला, सोफ्याला, रिक्षाला, दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलाला आजही रेक्झीनच लागतं.

रेक्झीनने आमच्या घराला भाकरी दिली, आणि सफाईचं शास्त्रही दिलं. कापडी बैठक डाग पोटात घेते. रेक्झीन डाग अंगावर ठेवतं, म्हणून ते पुसता येतं. पण कसं पुसायचं? पोरसवदा असताना मी एका अँबॅसॅडरच्या सीटवर ओला फडका फिरवला आणि अब्बांनी माझा हात धरला. ‘पैले झटक रे, फिर पोंछ.’ तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांच्या सवयी असतात एकेक. पुढे भूगोलाच्या पुस्तकात कारण सापडलं. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. हीच माती धूळ होऊन गाडीत बसते. तिला ओलं फडकं लागलं की तिचा लेप होतो आणि तो शिवणीत, पायपिंगच्या खाली, बटणाच्या खळग्यात जाऊन बसतो. वाळला की टोकदार होतो आणि धागा कापतो. पुसून पुसून फाटलेल्या सीटा मी जेवढ्या पाहिल्या, तेवढ्या बसून बसून फाटलेल्या पाहिल्या नाहीत.

अब्बांचे आणखी काही नियम होते. रॉकेल किंवा पेट्रोलने सीट पुसायची नाही. आज चकाकते, पण रेक्झीनला मऊ ठेवणारं तेल निघून जातं आणि सहा महिन्यांत ते पापडासारखं तडकतं. डॅशबोर्डला खोबरेल लावायचं नाही. धूळ चिकटते, आणि दुपारच्या उन्हात चकाकी काचेवर पडून ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. नवीन गाडीच्या काचेला आतून जो तेलकट धूर धरतो, तो बहुतेक या प्लॅस्टिकमधूनच उडालेला असतो. तो कोरड्या वर्तमानपत्राने निघतो, अर्थात रविवारची पुरवणी वाचून झाल्यावर.

आणि हळद. लग्नसराईत नवऱ्या मुलीच्या गाडीच्या सीटला हळद लागायचीच. घाबरलेला ड्रायव्हर साबण लावायचा आणि पिवळा डाग एकदम लालभडक व्हायचा. आता तर तो रडकुंडीलाच यायचा! हळदीतलं रंगद्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी वस्तूला लागलं की लाल होतं, एवढंच ते. अब्बा साध्या पाण्याने पुसून घेत, गाडीची दारं उघडी टाकत आणि सांगत, ‘दोन दिवस उन्हात राहू दे.’ ऊन हळदीचा रंग खातं. नांदेडच्या मे महिन्यात उन्हाला काय तोटा? पारा चव्वेचाळीसवर गेला की बंद गाडीच्या आतलं तापमान साठाच्याही पुढे जातं. तेच ऊन डाग काढतं आणि तेच रेक्झीन फाडतं.

अँबॅसॅडरचं नाव आलं म्हणून पांढऱ्या टॉवेलाबद्दल बोललं पाहिजे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती. सरकारी गाडीच्या मागच्या सीटवर पांढरा टॉवेल आणि खिडकीला पडदा हा जणू कायदाच होता. टॉवेलाचा उगम साधा आहे. उकाड्यात रेक्झीन पाठीला चिकटतं, आणि तेल लावलेल्या केसांचा डाग पाठीवर पडतो. टॉवेल घाम पितो आणि धुता येतो. पण हळूहळू टॉवेल म्हणजे साहेब, असं समीकरण झालं. लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख, नांदेडने शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री राज्याला दिले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत दौऱ्यांची कधी कमतरता नव्हती. दौरा लागला की आदल्या रात्री आमच्या दुकानात गाड्यांची रांग. सीट फाटलेली असली तरी ती शिवायला वेळ नसे. वरून टॉवेल नीट खोचून द्यायचा. अब्बा म्हणायचे, या टॉवेलाखाली काय काय झाकलेलं आहे ते मला माहीत आहे. ते सीटबद्दलच बोलत असावेत.

आपल्या रस्त्यावरची खरी गाडी मात्र जीप. काळी-पिवळी जीप. एसटी जात नव्हती तिथे ती जायची. दहा माणसांच्या जागेत वीस बसायची, मागच्या फळीवर चार लोंबकळायची. आत समोरासमोर दोन लांब बाकं, लाकडी फळीवर काथ्या आणि वर काळं नाहीतर तपकिरी रेक्झीन. मामूंचं दुकान या बाकांवर चालायचं. एक बाक वर्षभर टिकलं तर पुष्कळ झालं. कोंबड्या, युरियाची पोती, बाळंतिणी, कापसाचे बोचके, सगळं त्याच्यावरून जायचं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. किल्लारी आणि आसपासची गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. बावन्न गावं पूर्ण भुईसपाट झाली. मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. मी तेव्हा बीए होऊन नोकरी शोधत होतो. मामूंची खबर घ्यायला अब्बा आणि मी नांदेडहून लातूरला गेलो. मामू ठीक होते, पण दुकानात नव्हते. शहरातल्या जवळजवळ सगळ्या जीपगाड्या औशाकडे धावत होत्या. जाताना भाकरी, घोंगड्या, टिकाव-फावडी, येताना माणसं. काही जिवंत, काही नाही. वरून पाऊसही लागला.

आठ-दहा दिवसांनी एक जीपवाला मामूंकडे आला. औसा तालुक्यातला, लिंगायत, तिशीचा असेल. म्हणाला, ‘मामू, दोन्ही बाकं काढा.’ शिवायची नव्हती, काढायचीच होती. मामूंनी खिळे उपसले. वरचं रेक्झीन त्याने आधीच पुष्कळदा धुतलेलं होतं, पण रेक्झीनला शिवण असते आणि शिवणीला भोकं असतात. रक्ताला थंड पाणी लागतं. गरम पाण्याने ते आणखी पक्कं धरतं. हे आम्हाला माहीत होतं, त्याला कोण सांगणार? आतला काथ्या काळा पडला होता, चिकटला होता. त्यात हिरव्या बांगड्यांच्या काचा होत्या. मी बाजूला झालो. अब्बा आणि मामू खाली मांडी घालून बसले आणि बोटांनी काचा वेचू लागले.

काथ्याचं काय करायचं, असा प्रश्न निघाला. मी म्हणालो, जाळून टाकू. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. जीपवाला म्हणाला, ‘आमच्यात पुरतात.’ मामू म्हणाले, ‘हमारे में भी.’ संध्याकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून तो काथ्या, रेक्झीन आणि बांगड्यांच्या काचा पुरल्या. कुणी काही म्हटलं नाही. मामूंचे ओठ हलत होते, त्याचेही हलत होते. फळ्या मात्र सागवानी होत्या. त्या तो टाकणार नव्हता आणि मामूही टाकू देणार नव्हते. त्या पाण्याने, साबणाने, मग नुसत्या उन्हाने साफ केल्या आणि आठवड्यानंतर नवा काथ्या भरून त्याच फळ्यांवर नवी बाकं ठोकली. मजुरीवरून दोघांत वाद झाला, तो वेगळ्या प्रकारचा. एक देत होता, दुसरा घेत नव्हता. ती जीप पुढे कितीतरी वर्षं लातूर-औसा चालली. मीही तिच्यात बसलो आहे. कडेला बसलेल्या बाया गप्पा मारत होत्या, एक पोर केळं खात होतं.

भूकंपानंतरची वर्षं भराभर गेली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० आपल्याकडे मास्तरांच्या, डॉक्टरांच्या दारात दिसायला नव्वदचं दशक उजाडलं. तिच्या सीटा कापडाच्या, आत फोम. काथ्या गेला, दाभण गेलं, सुतळी गेली. गाडी कारखान्यातूनच तयार बैठक घेऊन यायची, म्हणून लोकांना वाटलं की कुशनवाल्याचं काम संपलं. झालं उलटं. नवीन गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी तिच्या कापडावर रेक्झीनचं कव्हर घालायला लोक धावू लागले. मूळ कापड जपायचं म्हणून कव्हर, कव्हर जपायचं म्हणून टॉवेल, आणि कित्येकांनी कारखान्यातलं प्लॅस्टिकही काढलेलं नसायचं. त्या मूळ कापडावर आयुष्यात कधी कुणी बसलंच नाही! २००८ मध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, रस्ते रुंद झाले, गाड्या वाढल्या, आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी कव्हरांची दुकानं थाटली. त्यांचा निम्मा धंदा काळ्या फिल्मचा होता. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने काचेवर फिल्म लावायला मनाई केली आणि त्या उन्हाळ्यात हीच पोरं ब्लेडने फिल्म खरवडत बसली. घाईत कुणी मागच्या काचेवरच्या उष्णतेच्या तारासुद्धा खरवडून काढल्या. लावायचे पैसे घेतले होते, काढायचे कसे मागायचे, असा त्यांना पेच.

माझ्या मामेभावाने लातूरला गाड्या धुण्याचं सेंटर काढलं होतं. त्याला न्यायालयाने मारलं नाही, पाण्याने मारलं. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ती आली तो मार्ग जुन्या बार्शी लाइटचाच. अरुंद रूळ जाऊन रुंद झाले होते म्हणून ती येऊ शकली. त्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने आतून धुऊन आणल्या होत्या. लोक पाण्याबद्दल बोलत होते. माझा मामेभाऊ म्हणाला, ‘वाफेने धुतल्या म्हणे, म्हणजे पाणी किती कमी लागलं असेल!’ धंद्याचा माणूस.

त्या वर्षी लातुरात कुणी रस्त्यावर गाडी धुताना दिसला असता तर लोकांनी त्याला मारलं असतं, आणि ते मला चूकही वाटलं नसतं. भावाने पाइप गुंडाळून ठेवला. एक व्हॅक्यूम, तीन प्रकारचे ब्रश, फेसाची बाटली आणि मऊ फडक्यांचा गठ्ठा घेतला, आणि पाटीवरचं ‘वॉशिंग’ पुसून ‘आतून सफाई’ लिहिलं. एका गाडीला अर्धी बादली पाणी. आधी दारं उघडी टाकून वारा, मग चटया बाहेर काढून झटकणं, मग ब्रशने शिवणी मोकळ्या करणं, मग व्हॅक्यूम, आणि शेवटी ओलसर फडकं, तेही पिळून. मी पाहत उभा होतो. यात अब्बांच्या पद्धतीपेक्षा वेगळं काय होतं? व्हॅक्यूमचा आवाज सोडला तर काही नाही. पुढच्या पावसाळ्यांनी धरण पुन्हा भरलं, पाणी आलं, तरी त्याने पाइप बाहेर काढलेला नाही.

कव्हरांचं काम तो आता जपून करतो. नव्या गाड्यांत सीटच्या कुशीतून बाहेर येणारी एअरबॅग असते. त्या बाजूला जाड कव्हर घट्ट शिवलं तर अपघाताच्या क्षणी ती अडू शकते. त्यासाठी तिथली शिवण मुद्दाम कमजोर दोऱ्याची ठेवलेलं कव्हर मिळतं. गिऱ्हाईक विचारतं, हे स्वस्त का नाही? आयुष्यभर आमच्या घरात शिवण न उसवण्याचे पैसे घेतले; आता वेळेवर उसवण्याचे घ्यावे लागतात. ज्या गाडीला असं कव्हर मिळत नाही, तिला तो सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तिथे शिवून घेतं. याचा त्याला राग येतो, मलाही येतो.

अब्बांच्या दुकानात एक पत्र्याचा डबा असायचा. सीट उघडली की फटीतून जे निघेल ते त्यात. चवल्या-पावल्या, केसांच्या पिना, एकदा सोन्याची फुली, एकदा कुणाच्यातरी बाळाचा दुधाचा दात. गाडी न्यायला आलेल्या माणसासमोर डबा पालथा करायचा, आणि त्याने आपलं ओळखून घ्यायचं. परवा भावाकडे बसलो होतो. एका मोठ्या पांढऱ्या गाडीच्या सीटखालून व्हॅक्यूम लावण्याआधी त्याने हात घालून वस्तू काढल्या: लग्नातल्या अक्षता, चॉकलेटचा कागद, औषधाची अर्धी पट्टी, तुटलेल्या जपमाळेचे तीन मणी आणि एक रुपया. कागद टाकला. बाकीचं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तांदळाच्या दाण्यांसकट, आणि पिशवीला गाठ मारून ती स्टीअरिंगला अडकवून ठेवली.